शिमग्यास उघडणारीं घरें

राजेश मापुसकर यांचा २०१६ सालचा ‘व्हेंटिलेटर’ हा बोलपट आमच्या घरांतील लहानथोर मंडळींनीं एकत्र बसून पाहिला. गणेशोत्सव तोंडावर आला असतां कामेरकर कुटुंबांतील एक वृद्ध गृहस्थ मुंबईच्या रुग्णालयांत श्वासयंत्रावर पडतात आणि गांवोगांवचे आप्त तेथें गोळा होतात. काळजी प्रकृतीची, आणि तितकीच सुतकाची! सर्वजण पोट धरून हंसले. सणासुदीस वीस पाहुण्यांच्या गाद्या घालणाऱ्या आमच्या कुटुंबास मात्र फारसें हंसूं आलें नाहीं.

त्या बोलपटाची आठवण मला पुन्हा झाली ती जव्हारास. मुकणे राजांचें हें संस्थान १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें. जयविलास राजवाडा प्रेक्षणीय खराच. परंतु माझें लक्ष वेधलें तें मोखाड्याच्या एस. टी.तील गर्दीनें. बोचकीं, पातेलीं, कडेवर पोरें; होळी दुसऱ्या दिवशीं होती. नाचणी-वरईची शेती वर्षभर पुरत नाहीं, म्हणून येथील वारली, कोकणा, कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि शिमग्यास घरीं येतात. पाऊस येथें मुसळधार, तरी उन्हाळ्यांत विहिरी तळ गांठतात. मोखाडा तालुक्यांतील मध्य वैतरणेचें पाणी मात्र मुंबईस जातें. कामेरकरांच्या रुग्णालयांतहि तेंच येत असेल.

वाटेंत एका पाड्यावर म्हातारी अंगण सारवीत होती. शेजारचीं दिवाळीपासून बंद असलेलीं दारें त्या दिवशीं उघडलीं होतीं. तिचा थोरला आला, सून-नातवंडें आलीं. धाकटा आला नाहीं. उचल फिटल्यावांचून भट्टीवाला सोडीना, असें ती हात न थांबवितां म्हणाली. खरी विवंचना पुढेंच होती. बोहाड्यांत मारुतीचें सोंग आणण्याचा मान त्या घराकडे, आणि मुखवटा बांधून नाचणारा हा धाकटाच. थोरल्याची कंबर विटा वाहून गेलेली. मान दुसऱ्या घरास द्यावा, असें तो म्हणे, म्हातारी ऐकेना.

माझा मुक्काम जव्हारास होता. बोहाड्याच्या रात्रीं मी पुन्हा गेलों. गणपति आणि सरस्वती नाचून गेलीं. मग संबळ-पिपाणीच्या गजरांत मारुति आला तो बुटका, एका हातानें मुखवटा सांवरणारा. तो तिचा पंधरा वर्षांचा नातू होता. म्हातारी मुखवट्याकडे पाहतच नव्हती.

“पाय काकासारखेच टाकतो,” ती म्हणाली.

दोन दिवसांनीं तोहि बापाबरोबर भट्टीवर जावयाचा होता.