पाण्यातलं पळसदेव, पाण्याबाहेरचं स्खॉकलंड

उन्हाळा तापत जातो, उजनी खाली खाली सरकते आणि एखाद्या वर्षी जुन्या पळसदेवच्या पळसनाथाचं शिखर पाण्यातून वर येतं. पाणी आणखी ओसरलं तर मंडपाचे दगडी खांबही उघडे पडतात. मग जुनी माणसं होडीनं तिथवर जातात आणि नातवंडांना हात करून दाखवतात : इथं वेस होती, इथं आपलं घर. भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं. 117 टीएमसी पाण्याच्या पोटात इंदापूर-करमाळ्याची नदीकाठची काळी रानं गेली.

त्या गाळाकडं बघताना मला नेदरलँड्स आठवतो. तिथल्या झाउडरझे उपसागरात स्खॉकलंड नावाचं बेट होतं. लाटांनी त्याचे लचके तोडले आणि 1859 मध्ये राजाच्या हुकमानं ते रिकामं झालं. पुढं 1932 मध्ये डच लोकांनी 32 किलोमीटरचा बांध घालून अख्खा उपसागर समुद्रापासून तोडला. आतलं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसलं आणि 1942 मध्ये स्खॉकलंडच्या चहूबाजूंना जमीन वर आली. तिथं शेतं झाली. खोदताना बुडालेल्या जहाजांचे सांगाडे सापडले. आमचं गाव पाण्यात गेलं, त्यांचं कोरड्यावर आलं.

हा देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढाही नाही. त्यातली चौथाईहून जास्त भूमी समुद्रसपाटीच्या खाली. तरी शेतमालाच्या निर्यातीत, किमतीच्या हिशेबानं, वर्षानुवर्षं अमेरिकेच्या खालोखाल त्याचंच नाव. आणि आमच्या भागात तो रोज भेटतो. गोठ्यातल्या एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन, गाईचं मूळ फ्रिजलँडच्या ओल्या कुरणांत आहे. पुण्याच्या मार्केट यार्डात पॉलीहाऊसचा डच गुलाब त्याच नावानं विकला जातो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात इंडो-डच भाजीपाला केंद्र उभं आहे. निर्यातीची द्राक्षं जहाजानं रॉटरडॅमला उतरतात आणि तिथून युरोपभर पांगतात. 2010 मध्ये सीसीसी या वाढरोधक रसायनाचे अंश सापडले म्हणून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, तेव्हा त्या दूरच्या बंदराचा धाक इथल्या बागांपर्यंत पोचला. आज बागाईतदार फवारणीची वही जपून ठेवतो, त्याला हेही एक कारण आहे.

गाय आली, गुलाब आला, रोपं आली. मला मात्र त्यांच्याकडची आणखी एक गोष्ट इथं यावीशी वाटते, आणि ती कंटेनरमध्ये मावणारी नाही. तेराव्या शतकापासून तिथं पाण्याच्या सभा आहेत. एकेका भागातल्या लोकांनी बांध राखायचा, पाणी उपसायचं, त्यासाठी कर द्यायचा आणि कारभारी निवडायचे. बांध फुटला तर सावकाराचं आणि कुळाचं रान एकाच रात्री बुडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. 1953 च्या फेब्रुवारीत समुद्र आत घुसला, 1,836 माणसं गेली. त्यानंतर समुद्राच्या तोंडाशी दारं आणि बांध घालण्याचं काम चार दशकांहून अधिक चाललं. सरकारं आली, गेली. काम थांबलं नाही.

आमच्याकडं पाण्याची भीती उलटी, ते न येण्याची. नीरा डावा कालवा 1885 चा. वरच्या अंगाला ऊस डोलतो आणि टेलच्या इंदापूरकडच्या गावांत आवर्तन कधी सुटणार, याकडं डोळे लागलेले असतात. 2005 च्या कायद्यानं पाणी वापर संस्थांना अधिकार दिले, हे मोलाचंच. पण त्यांचा आवाका बहुतेक ठिकाणी चारीपुरता. अख्ख्या नदीचं बोलायची वेळ आली की शेतकरी मोर्चात असतो, बैठकीत नसतो. 2021 मध्ये उजनीतून इंदापूरला 5 टीएमसी देण्याचा निर्णय झाला, सोलापूर पेटून उठलं आणि महिन्याभरात तो रद्द झाला. इकडं ऊस आणि डाळिंब जगवायचं होतं, तिकडंही तेच. त्या दोघांना समोरासमोर बसवून मत विचारणारी सभा भीमेवर हवी, आणि तिच्या मतदारयादीत इंदापूर, माढा, मोहोळ एकाखाली एक नोंदलेले हवेत.