सोनगीरचा फाटा

क्रांतींची तुलना करावयाची म्हटली की आपल्याकडील विद्वानांची लेखणी पॅरिस आणि पेत्रोग्राद गाठल्याखेरीज सहसा थांबत नाही. परंतु धुळ्याच्या उत्तरेस, आग्रा रोडवर, तांब्यापितळेच्या भांड्यांकरिता विख्यात असलेले सोनगीर नावाचे जे गाव आहे, तेथून एक वाट सरळ शिरपूरवरून सेंधव्याच्या घाटाकडे व दुसरी डावीकडे चिमठाण्यावरून दोंडाईच्याकडे जाते, आणि या दोन वाटांवर, शहाऐंशी वर्षांच्या अंतराने, दोन खजिने लुटले गेले. पहिला 1857 च्या नोव्हेंबरात, खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांनी. दुसरा 14 एप्रिल 1944 रोजी, खानदेशच्या व साताऱ्याच्या भूमिगतांनी. स्मारकांवरील भाषणांत या दोन्ही घटना एकाच साखळीच्या कड्या म्हणून ओवल्या जातात. ही सांधणी मला फार दिवस खटकत होती, म्हणून दोन्ही रस्ते एका प्रवासात पाहावेत असे ठरवून मी जळगावहून सुरतेकडे जाणारी पॅसेंजर धरली.

धरणगावास उतरलो तो केवळ आउट्रामसाहेबाकरिता. कंपनीने 1818 साली खानदेश घेतला तेव्हा तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यात कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यास फाशी देण्यात आले. मैदानी मुलखास एवढी दहशत पुरली. डोंगरास पुरली नाही. घाटांची राखण आणि गावांवरील गिरासहक्क ही सातपुड्यातील नाइकांची पिढीजात मिळकत होती, व ती बुडाल्यावर फौजा पाठवूनही बंदोबस्त होईना, तेव्हा माफी, तगाई, जमीन आणि नोकरी असा दुसरा मार्ग धरण्यात आला. जेम्स आउट्रामने 1825 साली भिल्लांचीच पलटण उभारली आणि तिचे ठाणे या धरणगावात पडले. राज्यकर्त्यांच्या शहाणपणाचा हा नमुना मला तोफांपेक्षा अधिक भयप्रद वाटतो, कारण ज्याचा हक्क गेला त्यालाच पगारी शिपाई करून, गेलेल्या हक्काच्या पहाऱ्यावर नेमणूक करण्याची ती युक्ती होती. खाज्या नाईक हा याच व्यवस्थेतला माणूस. सेंधव्याच्या घाटाची राखण त्याच्याकडे होती. पुढे शिक्षा होऊन तो तुरुंगात गेला, सुटला, आणि सत्तावनच्या धामधुमीत सरकारास गरज पडली तेव्हा पुन्हा चाकरीत घेतला गेला. थोड्याच दिवसांत तो उलटला.

अंमळनेरास दुसऱ्या उठावाचे बीज शोधावे लागत नाही. तेथील प्रताप हायस्कुलात साने गुरुजींनी 1924 पासून सहा वर्षे मुले शिकविली; 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली; आणि 1936 च्या डिसेंबरात, नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन याच खानदेशात, फैजपुरास झाले. लेनिनच्या सहवासात वावरलेले मानवेंद्रनाथ रॉय नुकतेच तुरुंगातून सुटून तेथे आले होते, ही गोष्ट मला पेत्रोग्रादवाल्या विद्वानांना मुद्दाम सांगावीशी वाटते. 1944 चा खजिना ज्यात लुटला गेला त्या चिमठाण्याच्या कटातील एक प्रमुख, डॉ. उत्तमराव पाटील, याच तालुक्यातील डांगरीचे. त्यांच्या पत्नी लीलाताई याही चळवळीत. डॉक्टर, मास्तर, विद्यार्थी: हा पुढारीवर्ग शाळेतून आला होता. घाटाच्या राखणदाराला शाळा नव्हती.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाच्या वास्तूत दुपार घालविली. इतिहासाचार्यांनी 1926 साली याच गावी देह ठेवला. सरदारांच्या आणि वतनदारांच्या दप्तरांकरिता त्यांनी गावोगाव केलेली पायपीट आठवत असता मनात आले की खाज्याची हकिकत आपण मुख्यतः त्याच्या शत्रूंच्या अहवालांतूनच वाचतो, आणि चिमठाण्याची मात्र करणाऱ्यांनीच सांगितली.

सोनगीरच्या फाट्यावर शेवभाजी आणि भाकरी खाऊन प्रथम डावी वाट धरली. चिमठाण्यास रस्त्याकडेला क्रांतिस्मारक आहे. मी टिपणे घेत असल्याचे पाहून एका वृद्धाने विचारले, ‘जमीन मोजाले उनात का भाऊ?’ 1852 साली मोजणीविरुद्ध सावदा-यावलकडचे शेतकरी खवळले होते, तेव्हा या प्रश्नातील संशय अगदीच निराधार नव्हे. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सुमारे साडेपाच लाखांचा खजिना येथे अडविणाऱ्यांत साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी हेही होते. नंदुरबारच्या गोळीबारात, 9 सप्टेंबर 1942 रोजी, शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पडले, त्यास तेव्हा दीड वर्ष उलटले होते. उघडे मोर्चे थांबले होते आणि भूमिगत कार्यास पैसा हवा होता. हे लोक स्वतःस सरकार म्हणवीत होते, न्यायनिवाडे करीत होते, म्हणून त्यांच्या लेखी ही लूट नव्हती, एका सरकारने दुसऱ्याची केलेली जप्ती होती.

दुसऱ्या दिवशी शिरपूर, पळासनेर असे करीत घाट चढलो. खाज्या आणि भीमा यांनी याच घाटात सात लाखांचा खजिना अडविला तो स्वतः सरकार होण्याकरिता नव्हे. आपल्या वाटेवरील आपला हक्क, एवढाच त्यांचा पक्ष होता, आणि मला तो पुरेसा वाटतो. अकरा एप्रिल 1858 रोजी आंबापाणीच्या डोंगरात मोठी लढाई झाली, बायका कैद झाल्या, पकडलेल्या कित्येकांना तेथल्या तेथे गोळ्या घालण्यात आल्या. खाज्या 1860 साली फितुरीने मारला गेला. भीमा नाईकाची रवानगी अंदमानात झाली आणि तेथेच तो 1876 साली वारला.

दुसऱ्या उठावाच्या वाट्याला तीन वर्षांत स्वराज्य आले, हे यश मी कमी लेखीत नाही. परंतु ते ज्यांच्या घरी प्रथम पोचले ते शाळेतून आलेल्यांचे मैदान होते. शहाद्याच्या भिल्लांच्या जमिनी सावकार आणि बागायतदार यांच्याकडे गेल्या त्या गेल्याच राहिल्या. 1971 च्या मे महिन्यात पाटीलवाडीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि अंबरसिंग महाराजांच्या मागे उभे राहिलेल्या त्या लोकांना 1972 साली श्रमिक संघटना बांधावी लागली, तेव्हा मागणी जमिनीची आणि मजुरीची, म्हणजे जवळजवळ खाज्याचीच होती. बऱ्हाणपूरहून फैजपूर, चोपडा, शिरपूर असा डोंगरपायथ्याने येणारा रस्ता शहाद्यासच जातो. शिरपुरास परतून मी त्या बाजूच्या एस्टीची चौकशी केली.