चाळीत चार चोरांनी चहा केला

या वाक्याला काही अर्थ नाही. पण चाळीतला आणि चोरांतला च दातांमागून येतो, चारातला आणि चहातला टाळूवरून. दुरुस्त केलेल्या स्पीकरच्या पेटीतून हे चारही च आपापल्या जागी बसले तर ट्वीटर आणि वूफर यांचं पटलंय असं मी समजतो. दातांमागचा च थुंकी उडवत आला तर ट्वीटर चढलाय. चारही सारखेच वाटायला लागले तर तो पडलाय. हे वाक्य मी एका निवृत्त निवेदिकेकडून, त्यांच्याच दिवाणखान्यात भिंतींवर गोधड्या टांगून, रेकॉर्ड करून घेतलं. बाई हसल्या, पण म्हटलं अगदी चोख.

माझ्याकडे येणाऱ्या जुन्या स्टुडिओ मॉनिटरांत सगळ्यात छळवादी जोडी म्हणजे एलएस3/5ए. बीबीसीने ही पेटी 1970 च्या दशकात केली ती बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी, जिथे माणसालाच बसायला जागा अपुरी. उंची फूटभर. अंग 12 मिलिमीटर बर्च प्लायचं, आतून डांबरी पट्ट्या चिकटवलेलं. पुढे केईएफचे दोन ड्रायव्हर, वूफर बी110 आणि ट्वीटर टी27. रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ, चार्टवेल अशा अनेकांनी परवाना घेऊन ती बनवली. आपल्याकडच्या जोड्या बहुतेक परदेशातून परतलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या सामानातून आलेल्या, साड्यांत गुंडाळून.

मालकांची मतं ऐकण्यासारखी असतात. एक गृहस्थ म्हणतात, गाणारी बाई समोर येऊन बसते, आणखी काय हवं? दुसरे म्हणतात, डग्ग्याचा घुमारा कुठाय, पैसे गेले. दोघांचंही खरं आहे. एवढ्या पेटीतून खर्ज निघत नाही. म्हणून बीबीसीच्या लोकांनी खर्जाच्या जरा वरच्या भागात किंचित उठाव ठेवला. डग्गा त्यातून ऐकू येत नाही, आहे असं वाटतं. माणसाचा आवाज मात्र जसा आहे तसा. ही मंडळी बोलण्यावरच पेट्या पारखायची, बोलणारा एका खोलीत आणि पेटी दुसरीत ठेवून ताडून बघायची. माझ्या चार चोरांमागे तीच बुद्धी आहे.

माझा सगळा जीव अडकतो तो जोडी जुळवण्यात. एक पेटी बरी करणं हे काम कुणीही करेल. दोन पेट्यांनी मिळून एक आवाज काढणं ही खरी कटकट. मोनो लावायचं, दोन्हींच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकायची, आणि निवेदिकाबाई मधल्या रिकाम्या जागेत दिसल्या पाहिजेत, पुस्तकाच्या पाठीएवढ्या रुंदीत. मूळ पेट्या बीबीसीच्या कडक कसोट्यांवर जोडीनेच निघायच्या. दोन ड्रायव्हरांत आवाज वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरवर ट्वीटर कमी-जास्त करायला टॅप दिलेले आहेत, ते त्याचसाठी. पण चाळीस-पन्नास वर्षांत एक पेटी खिडकीपाशी राहिली, दुसरी कपाटामागे. एकीवर ऊन, दुसरीवर ओल. आता त्या सख्ख्या बहिणी राहिलेल्या नसतात.

मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका जोडीत बाई मधोमध होत्या, पण स आणि श आला की डावीकडे सरकायच्या. फक्त स आणि श. आ, ई, ऊ जागच्या जागी. टॅप बदलले, ट्वीटर इकडचे तिकडे केले, कपॅसिटर मोजले. बाई सरकतच होत्या. शेवटी कारण निघालं ट्वीटरभोवतीच्या फेल्टमध्ये. टी27 च्या चारी बाजूंना जाड लोकरी फेल्टच्या पट्ट्या असतात. ट्वीटरचा आवाज पेटीच्या पुढे आलेल्या काठावर आपटून परतू नये म्हणून. उजव्या पेटीचं फेल्ट कसरीने खाल्लं होतं आणि आधीच्या कुणा हुशार हाताने तिथे हस्तकलेच्या दुकानातलं काळं, कृत्रिम धाग्याचं फेल्ट लावलं होतं. दिसायला हुबेहूब. बोटाने दाबलं तर लोकर दबून राहते, ते उसळत होतं. लोकरीचा नमदा आणून मोजून कापला, दोन्ही पेट्यांना नवा लावला, आणि बाई मध्ये येऊन बसल्या.

हे दाबून बघणं माझं. बाई सरकतात हे ऐकलं मात्र माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरीने. माझे कान तपासून झालेत. तक्त्यावरची रेघ 4000 हर्ट्झपर्यंत कशीबशी तग धरते आणि 8000 ला जिन्यावरून घसरल्यासारखी खाली येते. टी27 काम हातात घेतो 3000 च्या आसपास. म्हणजे ज्याला मी आयुष्यभर माझा इलाखा समजत आलो, त्याचा वरचा मजला आता तिच्याकडे आहे. ती मायक्रोफोन लावून लॅपटॉपवर आलेख काढते, पण आलेखावर विसंबत नाही, एवढं माझ्याकडून तिने उचललं. डोळे उघडे ठेवून ऐकते. आमच्या वेळी डोळे मिटून ऐकायची पद्धत होती. त्यात निम्मं नाटक असायचं.

नाटक माझं अजून चालू आहे. गिऱ्हाईक समोर असलं की ते तिच्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघतं. तिने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला की जोडी जुळली, हा आमचा संकेत. मग मी डोळे मिटतो, मान जरा कलती करतो आणि म्हणतो, "हं, आता." गिऱ्हाइकाच्या अंगावर काटा येतो. काका, तुमचे कान म्हणजे, अशी सुरुवात होते. ती पोरगी मागे सोल्डरिंगची तार गुंडाळत असते, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. एकदा मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी तूच सांग. ती म्हणाली, नको काका, तुम्ही छान करता. हे कौतुक की टोमणा, मी विचारलं नाही.

बाकी धंद्याबद्दल बोलू नये म्हणतात, पण बोलतो. जुनी पेटी आली की सगळे कपॅसिटर उपटून महागडे फिल्म कपॅसिटर लावायचे आणि "अपग्रेड" म्हणून बिल करायचं, असा एक पंथ आहे. ज्या पेट्यांत मुळात इलेक्ट्रोलिटिक होते, त्या कपॅसिटरांचा स्वतःचा थोडा अंतर्गत रोध असतो आणि मूळ डिझायनरने तो हिशेबात धरलेला असतो. फिल्ममध्ये तो जवळपास नाही. ट्वीटर मोकळा सुटतो, गिऱ्हाईक म्हणतं, वा, किती स्पष्ट! महिन्याने पेटी झाकून ठेवतं. छोटासा रेझिस्टर टाकला की भागतं, पण त्याचं बिल होत नाही.

यामाहा एनएस10 घरात लावणाऱ्यांना तर मी समजावणं सोडलं. पांढऱ्या कोनाची ही पेटी 1978 मध्ये घरगुती म्हणूनच आली आणि घरांत चालली नाही. ती चालली स्टुडिओत, कारण मिक्सिंगमधली खोट ती लपवत नाही. काही इंजिनिअर तिच्या ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवून काम करायचे, यावरून समजा. कोनाचा लगदा मिळेना म्हणून 2001 मध्ये ती बंद झाली आणि भाव चढले. ज्याला रोज संध्याकाळी भीमसेन ऐकायचेत, त्याने हे परीक्षकाचं काम कशाला घ्यावं? टॅनॉय एचपीडीवाल्यांची गोष्ट वेगळी, ते प्रेमात असतात. त्यांच्या फोमच्या कडा आपल्या दमट हवेत चिकट भुगा होऊन खाली पडतात, आम्ही नव्या लावतो, काही वर्षांनी परत भेटतो. बी110 ची कड रबराची, ती टिकते.

फाल्कन नावाची इंग्लिश कंपनी टी27 आणि बी110 आता पुन्हा बनवते. चांगले आहेत. पण एका पेटीत नवा आणि दुसरीत जुना लावून द्या असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणतो. लावायचे तर दोन्हीकडे.

तुमच्या घरी अशी जोडी असेल तर तीन विनंत्या. जाळी काढून फेल्टला कसर लागलीय का बघा, पण शेजारी डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ प्लॅस्टिकच्या कोनाला मानवत नाही. भावाभावांत वाटणी करताना एकाला एक, दुसऱ्याला एक असं करू नका. हे दोनदा माझ्या टेबलावर आलंय. आणि कारागिराकडे पेटी दिलीत तर काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत मागा. माझ्याकडूनही.