चि. ‘अंडं कुणाचं?’ यास

चि. ‘अंडं कुणाचं?’ यास,
मुक्काम पोस्ट छापखाना, पुणे.

अनेक उत्तम आशीर्वाद. विनंती विशेष.

‘चिरंजीव’ लिहिताना पेन जरा अडखळलं. लहान मुलांचं पुस्तक मुलांनी खरोखर वाचलं तर वर्षाच्या आत त्याच्या पिना निघतात, कोपरे दुमडतात, मधलं पान हरवतं. ते चिरंजीव राहिलंच तर समजावं, कुणी हात लावलेला नाही. पण शाळेत पत्राचा मायना इतका घोटून घेतला होता की हात आपोआप तिकडे वळतो. तेव्हा हा आशीर्वाद रीत म्हणून घे, मनावर घेऊ नकोस.

इकडील वर्तमान असं की, तुझा आयएसबीएन आला. तेरा आकडे आहेत. माझ्या आधारला बाराच. म्हणजे कागदोपत्री तू माझ्यापेक्षा एका आकड्यानं मोठं झालंस. दिल्लीत राजा राममोहन रॉय यांच्या नावानं चालणारी संस्था हा क्रमांक देते आणि त्याचे पैसे घेत नाही. प्रकाशक म्हणाले, या धंद्यात फुकट मिळणारी वस्तू बहुधा ही एकच. तो मागच्या कव्हरवर रेघांच्या चौकटीत येऊन बसला, तेव्हा तिथं आधीपासून बसलेल्या कोंबडीची शेपटी छाटावी लागली. तेव्हापासून चित्रकार माझ्याशी तुटक बोलते, जशी काही कात्री मीच चालवली.

दुसरी बातमी. १९५४ चा एक कायदा आहे. त्यानुसार तू प्रसिद्ध झालंस की तीस दिवसांच्या आत तुझी एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकांनी स्वखर्चानं धाडायची. मी अजून कोलकाता पाहिलेलं नाही. तू जाशील, नोंद होईल, कपाटात जपून ठेवलं जाशील. तुझी ती प्रत मात्र नक्की चिरंजीव होणार, बिचारी.

आता तक्रारी. पत्र त्यासाठीच लिहायला घेतलंय.

तू मूळचं केवढं होतंस, आठवतं का? तीन हजार शब्दांच्या आसपास. कुंभार्ली घाट, पाऊस, काचा धुरकटलेली एसटी, सीटखाली टोपलीत चिंगी कोंबडी, आणि तिनं शेजारच्या गुरुजींच्या उघड्या पिशवीत, इस्त्री केलेल्या धोतरावर घातलेलं अंडं. मग सगळ्या गाडीचं भांडण. कोंबडी ज्यांची त्या बाई म्हणतात अंडं माझं. गुरुजी म्हणतात पिशवी माझी, धोतर माझं. कंडक्टर म्हणतो, गाडीत सापडलेली वस्तू डेपोत जमा होणार. मी त्या पावसाचं वर्णनच दीड पान केलं होतं. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. मग तुला चित्रकार मिळाली. तिनं हस्तलिखित परत पाठवलं तेव्हा निम्म्या वाक्यांसमोर पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले होते, ‘हे दिसतंय’. पाऊस पडत होता : हे दिसतंय. गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या : हे दिसतंय. बाईंनी पदर खोचला : हे दिसतंय. आज तू पाचशे शब्दांचंही नाहीस. आणि उरलेल्या शब्दांना धरून बसलेली मी, तिचं चित्र बघून पुन्हा दोन ओळी स्वतःच खोडते. माधुरी पुरंदरे यांच्यासारखं स्वतःच लिहावं आणि स्वतःच चित्रंही काढावीत, एवढं भाग्य सगळ्यांच्या कपाळी नसतं. मी काढलेल्या कोंबडीला घरातल्यांनी बदक म्हटलं होतं.

तरी एका ठिकाणी मी अडून बसले. माझ्या एसटीतला कंडक्टर तिकिटं फाडायचा आणि हातातला पंच दांड्यावर टकटक वाजवत यायचा. ती टकटक ऐकू आली की झोपलेली माणसं खिसे चाचपायची. चित्रात मात्र त्याच्या गळ्यात तिकिटाचं यंत्र आलं. मुलांनी आता तेच पाहिलंय, असं चित्रकाराचं म्हणणं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. शेवटी तडजोड अशी झाली की यंत्र राहिलं, पण कंडक्टर ते दांड्यावर आपटून टकटक करतो. यंत्राचं काय व्हायचं ते होवो.

पानांचंही तसंच. गोष्ट सव्वीस पानांत ऐसपैस बसत होती. चोवीसच का, म्हणून विचारलं तर प्रकाशकांनी एक मोठा कागद घेतला आणि माझ्यासमोर घड्या घातल्या. तीन घड्यांत सोळा पानं, मग अर्ध्या कागदाची आठ. मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात. सव्वीसला जागा नाही आणि अठ्ठावीस केली तर किंमत वाढते. मग मागच्या सीटवरच्या वकिलांना गाडीतून उतरवलं. मालकी हक्कावर त्यांचं फार सुंदर भाषण होतं. बाकी भांडण तसंच चालू राहिलं, वकील नाहीत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि मोठ्या जोडपानावर अंडं नेमकं मधल्या घडीत येत होतं, म्हणजे शिवणीत निम्मं गडप. ते दोन बोटं डावीकडे सरकवल्यावर आता गुरुजींच्या बाजूला आलंय. खटला त्यांच्याकडे झुकल्यासारखा दिसतो, पण इलाज नाही.

पहिल्या प्रूफात तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले होते. शासनानं २००९ मध्ये मराठी वर्णमालेचं वळण ठरवून दिलेलं आहे, शाळेत मुलं तेच गिरवतात. मग पुस्तकात दुसरंच अक्षर बघून सात वर्षांच्या पोरानं काय करायचं? ते सुधारून घेतलं. त्यावर एका हितचिंतकांनी सुचवलं की मुळात जोडाक्षरंच टाळा, म्हणजे ड्रायव्हर-कंडक्टर काढून चालक-वाहक घाला. सूचना बिनतोड होती. फक्त आजवर एकाही प्रवाशानं ‘ओ वाहक, सुटे द्या’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

पण हे सगळं किरकोळ. खरी लढाई तात्पर्यावरून झाली आणि तू छापखान्यात पोचलंस तरी ती संपलेली नाही.

तुला ज्या ज्या मोठ्या माणसानं वाचलं, त्यानं शेवटचं पान उलटून कव्हरच्या आतली बाजू तपासली. तिथं काही नाही म्हटल्यावर माझ्याकडे पाहिलं. ‘छान आहे. पण यातून मुलांनी घ्यायचं काय?’ मग ज्याला त्याला आपापलं सुचलं. भांडू नये. दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये. एकानं तर सार्वजनिक वाहनातल्या स्वच्छतेचा मुद्दा काढला. अंडं फुटलं असतं तर, म्हणे. एका शाळेत विचारायला गेले, तर तुझ्यावर मूल्यशिक्षणाच्या कोणत्या मूल्याखाली शिक्का मारायचा हे ठरेना आणि ते ठरेना म्हणून खरेदी ठरेना.

हा आग्रह काही आजचा नाही. मराठीत मुलांसाठी छापलेल्या पुस्तकांची वंशावळ काढायला बसलं की दारातच इसाप उभा असतो. तंजावरला सरफोजी राजांनी छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांतच तिथून इसापच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या. पुढे १८२८ मध्ये मुंबईला सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती आली. तेव्हापासून मराठी मूल कोल्हा, कावळा, सिंह यांच्याबरोबर तात्पर्य वाचत आलेलं आहे. म्हणजे तुझे पणजोबा तुझ्या विरोधात आहेत, हे ध्यानात ठेव आणि त्यांच्याशी अदबीनं वाग.

गोष्टीत शिकवण असूच नये, असं काही माझं म्हणणं नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून ‘श्यामची आई’ लिहिली, तिच्यात पानोपानी शिकवणच आहे. ती वाचून मीही रडले, माझी आईही रडली. पण ती त्या माणसाच्या जगण्यातून आलेली होती, कव्हरच्या आत चिकटवलेली नव्हती. आणि दुसरीकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. तो चोरांच्या मागे सायकल दामटत सुटला तेव्हा वाटेत कुणाला उपदेश करत थांबल्याचं मला तरी आठवत नाही. आमच्या वाचनालयात त्याची पुस्तकं सुट्या पानांची होती, दोऱ्यानं बांधून मिळायची. उपदेशाची पुस्तकं मात्र कशी कोरीकरकरीत.

तुला शेवट नव्हता, हे तुझ्या-माझ्यातच राहू दे. मी सहा-सात शेवट लिहिले होते. एकात अंडं फुटायचं, एकात त्यातून पिल्लू यायचं (घाट उतरायच्या आत! एकवीस दिवस लागतात त्याला), एकात बाई मोठ्या मनानं अंडं गुरुजींना देऊन टाकायच्या. हा शेवटचा सगळ्यांना आवडला, म्हणूनच मला तो सहन होईना. मग आमच्या इमारतीतली पोरं जिन्यात गोळा करून त्यांना वाचून दाखवलं. डेपोत जमा करा, या बाजूनं दोघं होती. गुरुजींची बाजू कुणीच घेतली नाही. तिसरीतली एक मुलगी बराच वेळ पायरी खरवडत बसली होती. तिनं न बघताच विचारलं, ‘कोंबडीला कुणी विचारलं का?’

तोच तुझा शेवट. शेवटच्या पानावर सगळी गाडी, ड्रायव्हरसुद्धा, चिंगीकडे वळून बघतेय. शब्द एकही नाही. गाडी त्या वेळी उभी आहे ना, एवढं मी चित्रकाराकडून दोनदा खात्री करून घेतलंय.

तेव्हा तुला हात जोडून विनंती, कुणी कितीही खोदून विचारलं तरी अंडं कुणाचं ते सांगू नकोस. मुलांना सांगू नकोस, त्यांची उत्तरं त्यांना माहीत असतात. मोठ्यांना तर मुळीच नको.

पैशाचं विचारशील तर तेही कळवते, घरात लपवालपवी नको. किंमत शंभर रुपये. करारात दहा टक्के, त्यातले निम्मे चित्रकाराचे. म्हणजे एका प्रतीमागे मला पाच रुपये. आवृत्ती हजाराची. हिशेब तू कर, मी केलाय. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हाच काय तो दिलासा. नातेवाइकांनी अभिनंदन करून लगेच ‘पीडीएफ पाठव ना’ म्हणून मेसेज केले आहेत. त्यांच्याकडच्या लग्नाला मी आहेराचा फोटो पाठवला असता तर चाललं असतं का, असं विचारावंसं वाटतं, विचारत नाही.

प्रकाशनाला फार थाट नाही. रंगीत कागदात गुंडाळलेलं पुस्तक व्यासपीठावर सोडायचं, शाल, नारळ, आणि समोर सतरंजीवर बसवलेली मुलं तासभर भाषणं ऐकत एकमेकांना चिमटे काढतायत, हे मला नको आहे. एकच पाहुणे बोलावलेत आणि त्यांना आधीच सांगितलंय की बोलायचं नाही, गुरुजींचे संवाद वाचायचे. ते मोठे लेखक आहेत, तरी कबूल झाले. धोतर मात्र नेसणार नाही म्हणाले.

तुझ्याकडून आणखी काय हवं? एक तर, पिवळा रंग सांभाळ. रंगाच्या प्रूफात चिंगी हिरवट आली होती. चार रंगांच्या छपाईत पिवळ्यावर निळ्याचा जरासा जोर चढला की कोंबडी आजारी दिसते. दुसरं, शाळेत गेलंस तर कुलपाच्या कपाटात राहू नकोस. किल्ली कुणाकडे आहे ते शोध, आणि जमलं तर वर्गातल्या सगळ्यात दांडगट पोराच्या दप्तरात जा. तेलाचे डाग पडले, कुणी गुरुजींना पेनानं मिशा काढल्या, तरी रडत घरी येऊ नकोस. आणि कुणी मोठ्या माणसानं तुला वाढदिवसाची भेट म्हणून चकचकीत कागदात बांधलं, तर आतल्या आत एक कोपरा फाडून ठेव.

कळावे, लोभ आहेच.

तुझी,
लेखिका
(नाव कव्हरवर आहे, यंदा प्रथमच)

ता. क. आत्याला कव्हरचा फोटो दाखवला. ती कोंबडी तिची, तो कराड–चिपळूण प्रवास तिचा, आणि मी फ्रॉकात असल्यापासून ही गोष्ट तीच सांगत आली आहे, हे तुला माहीत आहे. तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाली, ‘यावर तुझं नाव कसं?’ पुस्तक तुलाच अर्पण केलंय म्हटलं, तर म्हणते, ‘माझंच मला?’ लेखकाच्या म्हणून मला दहा प्रती मिळणार आहेत. त्यातल्या सहा तिनं आताच मागून ठेवल्यात.