‘सोपं तर होतं!’



गणिताच्या बाई आज टेनिसवर लिहिताहेत म्हणून हसू नका. विषय शेवटी वर्गातच येणार आहे. पण तो कोर्टावरून येईल, कारण मला जे कळलं ते तिथे कळलं.

गेली सहा वर्षं मी सकाळी टेनिस खेळते. खेळते म्हणजे आपलं आमच्यापुरतं. चाळिशीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, चालायचा कंटाळा यायला लागला, आणि मैदानाच्या कोपऱ्यात लाल मातीची दोन कोर्टं होती. तिथे रोज साडेसहाला आम्ही सात-आठ जण जमतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, एक दातांचे डॉक्टर, कॉलेजातली दोन मुलं. आणि आमचे मार्कर. क्लबात सभासदांबरोबर खेळून त्यांना शिकवणाऱ्या माणसाला मार्कर म्हणतात. आमचे मार्कर साठीच्या पुढचे आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात.

माझी अडचण अशी होती. मागच्या रेषेवरून, म्हणजे बेसलाइनवरून, मी बरी खेळते. आठ-दहा चेंडू इकडून तिकडे होतात. समोरच्याला पळवते, कोपऱ्यात ढकलते. मग तो कसाबसा चेंडू परत करतो आणि तो चेंडू जाळीच्या थोडा अलीकडे, हळू, उंच टप्पा घेऊन माझ्यापुढे येतो. समोरचं अर्धं कोर्ट मोकळं असतं. बघणारे आधीच ‘झाला पॉइंट’ म्हणून मोकळे होतात. मी धावत जाते, रॅकेट जोरात फिरवते आणि चेंडू बाहेर. नाही तर जाळीत. हातातोंडाशी आलेला घास जातो म्हणतात ना, तसं.

माझ्या जोडीला काका असतात. त्यांचं वाक्य ठरलेलं: “मॅडम, सोपा होता की!”

काका मनाचे चांगले आहेत. अवघड चेंडू चुकला की तेच “चांगला प्रयत्न” असंही म्हणतात. पण त्या ‘सोपा होता की’चा परिणाम व्हायला लागला. आखूड चेंडू आला की तो हळूच पलीकडे ढकलायचा आणि मागे पळत यायचं, असं मी सुरू केलं. पॉइंट मिळायचा नाही, पण ते वाक्यही ऐकावं लागायचं नाही. मी असं करते आहे हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. ते लक्षात आणून दिलं आठवीतल्या एका मुलीनं.

पहिल्या चाचणीत एक उदाहरण होतं. वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. दोघांच्या वयांची बेरीज ४८ वर्षं. तर वडिलांचं वय किती? या मुलीनं मुलाचं वय ‘क्ष’ मानलं. क्ष + ३क्ष = ४८. म्हणून ४क्ष = ४८, म्हणून क्ष = १२. सगळं स्वच्छ आणि सुवाच्य. आणि खाली लिहिलं, ‘उत्तर : वडिलांचे वय १२ वर्षे.’

शाब्दिक उदाहरणात समीकरण मांडणं हाच अवघड भाग असतो. निम्मा वर्ग तिथे अडखळतो. तो भाग तिनं एकटीनं पार केला होता. राहिलं होतं फक्त बाराला तीनानं गुणणं. मी लाल पेनानं गुण कापले आणि शेजारी लिहिलं, ‘सोपं होतं!’ उद्गारचिन्हासकट. वर एवढ्यावर थांबले नाही. वर्गात पेपर वाटताना ‘बारा वर्षांचे वडील’ म्हणून दाखवलं. मुलं हसली. तीही हसली, असं मला वाटलं.

दुसऱ्या चाचणीत तसंच उदाहरण होतं, आकडे बदललेले. तिनं त्याच्या आधीचं सोडवलं होतं, नंतरचं सोडवलं होतं. या उदाहरणाची जागा कोरी होती. मधल्या सुट्टीत तिला बोलावून विचारलं. बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. मग म्हणाली, “बाई, अवघड चुकलं तर कुणी काही म्हणत नाही. सोपं चुकलं की सगळे हसतात. सोडून दिलं तर निदान चुकत तरी नाही.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण गेले दोन-तीन महिने रोज सकाळी मी स्वतः नेमकं हेच करत होते.

दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हटलं, “मामा, आज मला फक्त सोपे चेंडू द्या. तेच माझे जातात.”

मामा म्हणाले, “सोपा चेंडू नसतो मॅडम. आखूड चेंडू असतो.”

त्यांनी मला आधी आठवडाभर नुसतं मोजायला सांगितलं. आम्हा शिक्षकांना तक्ता केल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा हे काम मला आवडलं. हाजिरीच्या जुन्या वहीत लिहीत गेले. आठवड्यात असे २१ चेंडू आले. त्यातले ८ मी जिंकले. ६ बाहेर गेले, ४ जाळीत. आणि उरलेल्या तिनांची गंमत अशी की मी ते नीट मारले होते. पण मारल्यावर ‘झालं’ म्हणून उभी राहिले आणि समोरच्यानं धडपडत परत केलेला चेंडू माझ्या बाजूनं निघून गेला.

मग मामांनी एकेक गोष्ट उलगडून दाखवली.

पहिली गोष्ट, उशीर. आपला चांगला फटका बसला की आपण तो बघत उभे राहतो. समोरचा तोल जाऊन मारतो आहे हे दिसलं की तेव्हाच पुढे निघायला हवं. सकाळी पाणी मारलेल्या मातीवर चेंडू फारसा उसळत नाही, टप्पा पडला की बसतो. एक सेकंद उशीर झाला की जो चेंडू खांद्याशी मिळाला असता तो गुडघ्याशी मिळतो. जाळी मधोमध ३ फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट उंच असते. चेंडू त्या उंचीच्या वर आहे तोवर पोचलात तर तो खाली मारता येतो. त्याखाली गेला की आधी वर उचलावा लागतो, आणि वर उचललेला चेंडू जोरात मारला तर तो बाहेरच जाणार. तिथे पॉइंट संपवायचा हट्ट सोडायचा. खोलवर, सावकाश मारायचा आणि पुढचा चेंडू जाळीपाशी घ्यायचा.

दुसरी गोष्ट ऐकून मला माझीच लाज वाटली, कारण ती साधी बेरीज आहे. एका बेसलाइनपासून दुसऱ्या बेसलाइनपर्यंत ७८ फूट. म्हणजे जाळीपासून प्रत्येक बाजूला ३९. सर्व्हिस लाइन जाळीपासून २१ फुटांवर. मी सर्व्हिस लाइनवर येऊन मारते तेव्हा माझ्यापुढे २१ अधिक ३९, म्हणजे ६० फूटच कोर्ट असतं. मागच्या रेषेवरून ज्या जोरानं ७८ फुटांसाठी मारते, त्याच जोरानं किंवा उत्साहात त्याहून जास्त जोरानं मी ६० फुटांसाठी मारत होते. माझे ते ६ चेंडू बाहेर गेले नसते तरच नवल. मामांचा शब्द वेगळा आहे. ते म्हणतात, “हा मारायचा नाही, ठेवायचा.”

तिसरी गोष्ट, पाय आणि डोळे. धावत जाणं खरं, पण मारायच्या आधी दोन-तीन बारीक पावलं टाकून थांबायचं. कुठे मारायचं ते धावतानाच ठरवायचं आणि मग बदलायचं नाही. समोरचा कुठे पळतो आहे हे बघायला मान वर केली की चेंडू रॅकेटच्या कडेला लागतो. माझे जाळीतले चारही तसेच गेले होते.

आणि शेवटची गोष्ट, मारल्यावर थांबायचं नाही. दोन पावलं पुढे, रॅकेट वर. चेंडू परत येणार असंच धरून चालायचं.

मग मामांनी कोपऱ्यांत, रेषांच्या तीन-तीन फूट आत टॉवेल टाकले आणि टोपलीतून वीस आखूड चेंडू दिले. अर्ध्या जोरानं, फक्त टॉवेलच्या रोखानं. बाकीचा खेळ नाहीच. पंधरा दिवस रोज एवढंच केलं.

ज्याला आम्ही सगळे एक सोपा चेंडू म्हणत होतो, त्यात ओळखणं, निघणं, थांबणं, ठरवणं, बेतानं मारणं आणि पुन्हा तयार राहणं एवढी कामं होती. ‘सोपा’ म्हटल्यामुळे यातलं एकही काम मी काम म्हणून करत नव्हते. आणि कुणी मला ते शिकवलंही नव्हतं, कारण सोपं कोण शिकवतं?

हे फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांचंच होतं असंही नाही. २०१३ सालच्या फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी आठवा. नदाल विरुद्ध जोकोविच. पाचवा सेट, जोकोविच ४-३ असा पुढे, ड्यूस. जाळीला लागून एक चेंडू त्याला मिळाला, समोर कोर्ट मोकळं. त्यानं तो बरोबर मारला, पण झोकात तोल जाऊन तो जाळीला टेकला. चेंडू खेळात असताना जाळीला स्पर्श झाला तर गुण समोरच्याला मिळतो, असा नियम आहे. तो सेट आणि सामना नदालनं ९-७ असा घेतला. जोकोविच तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता.

हा किस्सा मी आठवीच्या वर्गात सांगितला. माझ्या २१ चेंडूंचा तक्ताही फळ्यावर काढला. शेवटच्या बाकावरून एक कार्टं ओरडलं, “बाई, सोपे होते की!” वर्ग हसला, मीही हसले. मग मी सांगितलं की चाचणीच्या पेपरवरून मी जे हसू केलं ते चुकीचं होतं. मुलीचं नाव घेतलं नाही. पण ती माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर मी वर्गात तीन गोष्टी बदलल्या. तुम्हालाही करून बघता येतील.

एक, मामांची टोपली. मी अशी उदाहरणं देते ज्यात सगळं सोडवून दिलेलं असतं, अगदी ‘मुलाचं वय १२, वडिलांचं त्याच्या तिप्पट’ इथपर्यंत. मुलांनी फक्त शेवट करायचा. पण प्रश्न वेगवेगळे. वडिलांचं वय किती? दोघांच्या वयात फरक किती? पाच वर्षांनी मुलाचं वय किती? उत्तरं ३६, २४ आणि १७. पहिल्या दिवशी अर्ध्याहून जास्त वर्गानं कुठे ना कुठे १२ लिहिलं. शेवटची पायरी हीसुद्धा शिकवायची गोष्ट आहे, हे मला नोकरीच्या एकविसाव्या वर्षी कळलं.

दोन, सोडवायला घेण्याआधी ‘काय विचारलंय’ त्याखाली पेन्सिलनं रेघ मारायची आणि उत्तर आल्यावर बोट परत त्या रेघेवर ठेवायचं. उत्तर आलं की पेन खाली ठेवायचं, ही मुलांची सवय म्हणजे माझं कोर्टावर ‘झालं’ म्हणून उभं राहणंच आहे.

तीन, माझ्या लाल पेनातून ‘सोपं होतं’ हे शब्द गेले. त्याऐवजी ‘इथपर्यंत बरोबर. प्रश्न पुन्हा वाच’ असं लिहिते. लिहायला तेवढाच वेळ लागतो.

पालकांना एक विनंती. गुणपत्रिका घरी आली की “एवढं सोपं कसं चुकलं?” हे तोंडात येतंच, मीही आई आहे. पण त्या वाक्यात मुलाला घेण्यासारखं काही नसतं. बरोबर आलं तर त्यात काय विशेष, आणि चुकलं तर लाज. त्यापेक्षा पेपर घेऊन शेजारी बसा आणि विचारा, “कुठपर्यंत बरोबर आलं होतं? तिथून पुढे काय झालं?” बहुतेक वेळा ते मूल स्वतःच बोट ठेवून दाखवतं.

सहामाहीत त्या मुलीनं एकही उदाहरण कोरं सोडलं नाही. एका ठिकाणी वजाचं चिन्ह चुकलं, त्याचे गुण गेले. पण शाब्दिक उदाहरणात ‘क्ष’ची किंमत काढून झाल्यावर तिनं खाली एक ओळ लिहिली होती, ‘पण विचारले आहे आईचे वय’, आणि मग उत्तर.

माझं म्हणाल तर गेल्या रविवारी एक आखूड चेंडू आला. वेळेत निघाले, पावलं थांबली, बेतानं मारला आणि दोन बोटं बाहेर गेला. काका म्हणालेच, “मॅडम, सोपा होता की!” त्यांची सवय काही जायची नाही. त्यानंतरच्या गेममध्ये पुन्हा तसाच चेंडू आला, आणि मी पुन्हा पुढे गेले.