बारावा हिस्सा

४ जून १९६७ रोजी नेदरलँड्समधल्या झांडफोर्टच्या ट्रॅकवर लोटस ४९ ही गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि जिम क्लार्कने ती शर्यत जिंकली. कीथ डकवर्थने रचलेलं कॉसवर्थ डीएफव्ही हे आठ सिलिंडरचं इंजिनही त्याच दिवशी पहिल्यांदा धावलं. पुढे १९८३ पर्यंत फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती या इंजिनाने जिंकल्या. मॉडेलगाड्यांसाठी धातूचे बारीक भाग घडवणाऱ्याला मात्र ते आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. या गाडीत चालकाच्या पाठीमागे वेगळी चौकटच नव्हती. इंजिन थेट बोल्टने जोडलेलं होतं आणि मागच्या चाकांचा भार तेच पेलत होतं. वर झाकण नाही, बाजूला पत्रा नाही, सगळं यंत्र उघडं. मॉडेल किट बनवणाऱ्या टामिया कंपनीने या गाडीचं १/१२ प्रमाणातलं किट काढलं. अशा मॉडेलसमोर उभं राहिलं की नजर आधी इंजिनाच्या मधल्या खाचेत दोन ओळींत उभ्या असलेल्या आठ ट्रम्पेटवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या कर्ण्यांवर जाते. हे कर्णे प्लास्टिकचे ठेवावेत, रेझिनमध्ये प्रिंट करावेत की लेथवर धातूतून कोरावेत, हा प्रश्न हौसेचा वाटतो. माझ्या मते तो खरेपणाचा आहे. लहान प्रतिकृती खरी वाटते ती केवळ मापामुळे नाही. मूळ भाग ज्या क्रियेने घडला, त्याच क्रियेने तिचा भाग घडला की ती खरी वाटते.

मापाचं काम वरवर पाहता सोपं आहे. मूळ इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८५.६७ मिलिमीटर, त्याला बाराने भागलं की ७.१४. पाव इंची बोल्टचं षटकोनी डोकं ११.१ मिलिमीटरचं, त्याचं होतं ०.९३. कॅल्क्युलेटर इथपर्यंत आणून सोडतो. पण धातूला हा भागाकार ठाऊक नसतो. लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, लावला की तो पकडणाऱ्या चकबाहेर आलेला गज टूलच्या दाबाने वाकतो. हे वाकणं लांबीच्या घनाबरोबर वाढतं आणि व्यासाच्या चौथ्या घाताबरोबर घटतं. लांबी आणि व्यास दोन्ही बारा पट कमी केले, तर तेवढ्याच दाबाला गज बारा पट जास्त वाकतो, आणि स्वतःच्या व्यासाच्या तुलनेत पाहिलं तर १४४ पट. मग काप बारीक घ्यावा, असं वाटतं. पण धार कितीही तीक्ष्ण केली तरी तिच्या टोकाला सूक्ष्म गोलाई राहतेच. त्या गोलाईच्या मानाने काप फार पातळ झाला की टूल कापेनासं होतं, नुसतं घासतं. घासलेला धातू दबतो, तापतो. ॲल्युमिनियम असेल तर तो धारेला चिकटतो आणि चिकटलेला कण पृष्ठभाग ओरबाडत जातो. वेगाचंही तेच. पितळेचा १ मिलिमीटर व्यासाचा जॉब मिनिटाला ६० मीटर वेगाने कापायचा तर लेथला मिनिटाला सुमारे १९,००० फेरे घ्यावे लागतील. टेबलावरचे छोटे लेथ त्याच्या आसपासही पोचत नाहीत. टूलची उंची केंद्रापेक्षा ०.०५ मिलिमीटरने चुकली, तर मोठ्या जॉबवर ते लक्षातही येत नाही. १ मिलिमीटरच्या जॉबवर फेसिंग केल्यावर, म्हणजे त्याचं टोक सपाट कापल्यावर, मात्र मधोमध व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढा ठिपका उभा राहतो.

म्हणून लहान भाग हा मोठ्या भागाचा धाकटा भाऊ नसतो. त्याच्या कामाचा क्रमच वेगळा ठेवावा लागतो. स्विस घड्याळांचे स्क्रू बनवणाऱ्यांनी हे १९व्या शतकातच ओळखलं होतं. त्यांच्या लेथमध्ये टूल एका जागी राहतं आणि गज पुढे सरकतो. टूलच्या अगदी शेजारी एका बुशने गजाला आधार दिलेला असतो. काप जिथे चालू आहे तिथे धातूला आधार हवा, हे त्यातलं तत्त्व. साध्या छोट्या लेथवरही ते पाळता येतं. गज कॉलेट या घट्ट पकडीत धरून जेमतेम लागेल तेवढाच बाहेर काढायचा, हळूहळू सोलत न बसता एकाच फेरीत पूर्ण खोलीचा काप घ्यायचा, म्हणजे मागे जाड गज शिल्लक असेपर्यंत पुढचं टोक पुरं झालेलं असतं.

एक कर्णा जवळून पाहू. समजा मूळ कर्ण्याचं तोंड ६० मिलिमीटरचं आणि भिंत दीड मिलिमीटरची आहे. बाराव्या हिश्श्यात तोंड ५ मिलिमीटर आणि भिंत ०.१२५ मिलिमीटर होते. एचई-३० जातीच्या ॲल्युमिनियमचा ६ मिलिमीटरचा गज यासाठी चांगला, मऊ जातींइतका तो टूलला चिकटत नाही. आधी आतलं काम, कारण बाहेरून गज भरीव असेपर्यंतच आतल्या टूलचा दाब त्याला सोसतो. कर्ण्याच्या आतला डौलदार वळसा बोअरिंग टूलने आठ वेळा तंतोतंत सारखा काढणं जवळजवळ अशक्य. त्यासाठी सिल्व्हर स्टीलचं डी-बिट करायचं. म्हणजे आतल्या आकाराचा तुकडा लेथवर घडवायचा, कानशीने त्याची अर्धी बाजू काढून टाकायची, तो लालबुंद तापवून पाण्यात विझवायचा, मग पिवळसर रंग येईपर्यंत पुन्हा हलका तापवून दगडावर धार लावायची. ड्रिल केलेल्या भोकात हे डी-बिट रॉकेलचे दोन थेंब टाकून हळूच आत घालायचं. नंतर बाहेरचा वळसा. भिंत ०.१२५ मिलिमीटरची दिसायला हवी ती फक्त तोंडाच्या कडेला, कारण जाडी डोळ्याला तिथेच कळते. खाली, जिथे कुणालाही मोजता येत नाही, तिथे ती दुप्पट-तिप्पट ठेवली तरी कर्ण्याचा डौल बिघडत नाही आणि पार्टिंग करताना, म्हणजे गजापासून कापून वेगळा करताना, तो चुरगळत नाही. उंचीसाठी मात्र टूल वाहणाऱ्या कॅरेजला स्टॉप लावायचाच. आठही कर्णे ०.१ मिलिमीटरने उंच झाले तर कुणाला कळणार नाही, पण शेजारच्या दोघांत त्याच्या निम्मा फरक पडला तर ओळ लगेच वाकडी दिसते. डोळा मोजत नाही, तुलना करतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. भिंत जाड ठेवली, मग प्रमाण कुठे राहिलं? ही फसवणूक नाही का? माझं उत्तर असं की निवड केल्याशिवाय हे काम होतच नाही. ज्या पाव इंची बोल्टचं डोकं ०.९३ मिलिमीटरचं झालं, त्याच्या बारीक आट्यांचा पिच बाराव्या हिश्श्यात सुमारे ०.०७६ मिलिमीटर होतो. ते आटे कुणी पाडत नाही. दांडा सपाट ठेवून भोकात चिकटवतात, आणि तेच योग्य आहे. मात्र या निवडीला शिस्त हवी. केंद्रांमधली अंतरं, बाहेरचे व्यास, उंची, कडांची जाडी यांत सूट नाही, कारण आकार यांनीच ठरतो. आतली जाडी, झाकलेली खोली, न दिसणारे आटे इथे धातूच्या स्वभावाला वाट द्यायची. आणि घेतलेली सूट सगळ्या सारख्या भागांना सारखी लागू करायची. माप सोडायचं कुठे हे ज्याला ठरवता येत नाही, त्याच्या हातात मायक्रोमीटर असूनही उपयोग नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे. रेझिन प्रिंटरमधून आठ कर्णे एका रात्रीत निघतात, वर चांदीसारखा रंग मारला की झालं, मग लेथपाशी कशाला उभं राहायचं? याचं उत्तर भागाकाराने नाही, गुणाकाराने द्यावं. मॉडेलवरच्या प्रत्येक गोष्टीला बाराने गुणून पाहायचं. प्रिंटचा एक थर साधारण ०.०५ मिलिमीटरचा असतो, मूळ गाडीवर तो ०.६ मिलिमीटरची पायरी झाला असता. प्रायमर आणि रंग मिळून ०.०४ मिलिमीटर जाडी धरली, तरी मूळ कर्ण्यावर जवळजवळ अर्धा मिलिमीटर रंगाचं लिंपण झालं. ०.१२५ मिलिमीटरच्या कडेला दोन्ही बाजूंनी ते लागलं की कडेची कडाच जाते. हा गुणाकार लेथलाही लावायला हवा, नाहीतर न्याय होणार नाही. जॉबच्या एका फेऱ्याला टूल ०.०५ मिलिमीटर पुढे सरकवलं, म्हणजे तेवढा फीड दिला, तर मूळ मापात ०.६ मिलिमीटर अंतराच्या चऱ्या दिसतील, म्हणून शेवटची फेरी त्याच्या कितीतरी बारीक फीडने आणि नुकत्याच घासलेल्या धारेने घ्यावी लागते.

पण समजा, प्रिंटरचे थर उद्या दिसेनासे झाले आणि रंगही अतिशय पातळ मिळाला, तरी एक गोष्ट उरतेच. टूलच्या खुणा जॉबभोवती गोल फिरलेल्या असतात आणि त्यांच्यावर पडलेला प्रकाश त्यांना काटकोनात पसरतो. नव्या स्टीलच्या पातेल्याच्या तळाशी केंद्रातून दोन्हीकडे उघडणारा उजेडाचा पंखा दिसतो, तोच हा. आपण मान हलवली की पंखा फिरतो. चांदीच्या रंगातले कण कसेही पडलेले असतात, त्यांच्यावरचा उजेड सगळीकडे सारखा विखुरतो, तिथे पंखा उमटत नाही. कर्णा भरीव गजातून कोरलेला असो की पत्रा फिरवत दाबून काढलेला, गोल फिरण्याची खूण त्याच्यावर असते. खऱ्या कर्ण्याच्या कडेवरून सरकणारी उजेडाची रेघ बघणाऱ्याने शर्यतीच्या छायाचित्रांत शेकडो वेळा पाहिलेली असते. ती का हवी हे त्याला सांगता येणार नाही, पण ती नसली की त्याला काहीतरी खटकतं.

याच तर्काने प्रिंटरलाही त्याची जागा मिळते. इंजिनाचा ओतीव ब्लॉक, फोर्डचं नाव उठवलेली कॅमची झाकणं, हे भाग मुळात साच्यातून आलेले, मंद पृष्ठभागाचे. ते घन धातूतून कोरून चकचकीत करणं हीही चूकच आहे. ते रेझिनमध्ये ओतावेत किंवा प्रिंट करावेत आणि मॅट रंगाने रंगवावेत. सीएनसीबद्दलही माझी तक्रार नाही, कारण तिथेही टूल आणि फिरणारा धातू तोच असतो. हँडल माणूस फिरवतो की मोटर, यावर उजेडाचा पंखा अवलंबून नाही. हाताने केलं म्हणून भाग थोर होत नाही. धातू ज्या रीतीने मुळात कापला गेला, त्याच रीतीने इथे कापला गेला म्हणून तो खरा होतो.

भोसरीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कुठल्याही टर्नरला यातलं फारसं काही नवीन वाटणार नाही. कॉलेट, फीड, धार, स्टॉप हे त्याचं रोजचंच आहे. म्हणूनच ज्याला या छंदाकडे वळायचं असेल त्याने भिंगाआधी आणि महागड्या किटाआधी असं वर्कशॉप पाहावं, असं मला वाटतं. मॉडेलसाठी भाग निवडताना त्याचं माप किती, हा प्रश्न दुसरा. तो मुळात ओतला होता, वळवला होता की कापला होता, हा पहिला. त्याचं उत्तर मिळालं की कुठलं यंत्र हवं, कुठला धातू हवा आणि कुठल्या मापाला सूट द्यायची, हे आपोआप ठरत जातं.