शांत पुरुष, शांत मुलगी

जॉन फोर्ड यांच्या १९५२ सालच्या ‘द क्वाएट मॅन’ या चित्रपटाच्या शीर्षकातला शांत पुरुष हा खऱ्या अर्थाने आयर्लंडचा नाही. शॉन थॉर्नटन इनिसफ्री नावाच्या काल्पनिक खेड्यात जन्मला असला तरी तो वाढला अमेरिकेत. तेथील मुष्टियुद्धाच्या रिंगणात त्याच्या हातून एक माणूस दगावला आहे आणि ते ओझे मनात घेऊन तो जन्मगावी परतला आहे. जॉन वेन यांच्या वाट्याला फारसे संवाद नाहीत. बोलते ते त्याच्या भोवतीचे सगळे गाव: स्टेशनावरचे रेल्वेचे नोकर, मद्यगृहातले म्हातारे, पाद्री, विधवा आणि या सर्वांच्या वरताण असा मिकलीन फ्लिन. सत्तर वर्षांनी, २०२२ साली, कोलम बॅरेड यांचा ‘अन कालीन क्यून’ म्हणजे ‘शांत मुलगी’ हा आयरिश भाषेतला चित्रपट आला. क्लेअर कीगन यांच्या ज्या इंग्रजी कथेवर तो आधारलेला आहे तिचे नाव ‘फॉस्टर’. शांततेला शीर्षकात आणले ते चित्रपटाने. ही शांतता मात्र परदेशातून आलेल्या कोणाची नाही. ती आयर्लंडच्याच एका नऊ वर्षांच्या मुलीची आहे. बोलणारा आयरिश माणूस आणि न बोलणारी आयरिश मुलगी या दोन टोकांच्या दरम्यान चित्रपट, चित्रमालिका आणि ॲनिमेशनपट यांतील बहुतेक सर्व प्रिय आयरिश पात्रे कोठे ना कोठे उभी आहेत.

‘प्रिय पात्र’ हा शब्दप्रयोग समीक्षेच्या परिभाषेत सहजी बसत नाही. आयरिश पात्रांच्या बाबतीत तर तो अधिकच अवघड ठरतो, कारण हे पात्र प्रेक्षकापुढे येते तेच मुळी दुसऱ्या कोणी तरी घडवून ठेवलेले. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’मधला कॅप्टन मॅकमॉरिस तापट आहे, त्याचे इंग्रजी उच्चार मुद्दाम वाकडे लिहिलेले आहेत, आणि त्याच्या राष्ट्राचा नुसता उल्लेख होताच तो उसळून, माझे राष्ट्र म्हणजे काय, असा प्रश्न विचारतो. पुढच्या तीन शतकांत रंगभूमीने हा प्रश्न बाजूला ठेवला; वाकडे उच्चार तेवढे ठेवले. त्यात मद्य, मारामारी आणि गोड थापा यांची भर पडली आणि ‘रंगभूमीवरचा आयरिश माणूस’ नावाचा साचा तयार झाला. डायन बूसिको या आयरिश नाटककाराने एकोणिसाव्या शतकात या साच्यातल्या नायकाला चतुराई आणि सहानुभूती मिळवून दिली, पण त्याची बडबड काढून घेतली नाही. त्याच काळात लंडनच्या ‘पंच’मध्ये जॉन टेनिअल आयरिश बंडखोराला माकडाचा जबडा देत होते. या पार्श्वभूमीवर १८९७ साली येट्स, लेडी ग्रेगरी आणि एडवर्ड मार्टिन यांनी नव्या आयरिश रंगभूमीचा जाहीरनामा लिहिला आणि आयर्लंड ही विदूषकांची भूमी नाही हे दाखवून देण्याचा संकल्प केला. यातील विडंबना अशी की, या संकल्पातून पुढे उभ्या राहिलेल्या ॲबी थिएटरनेच हॉलिवूडला त्याचा सर्वांत लाडका आयरिश विदूषक पुरवला. मिकलीन फ्लिनची भूमिका करणारे बॅरी फिट्झजेरल्ड हे ॲबीचे नट. १९२४ साली शॉन ओकेसी यांच्या ‘जूनो अँड द पेकॉक’च्या पहिल्या प्रयोगात कॅप्टन बॉइल त्यांनीच उभा केला होता.

मग मिकलीन आवडावा की नाही? हसू येते हे तर नाकारता येत नाही. आणि जे हसू येते त्याची लाज बाळगूनच केवळ समीक्षा करायची असेल तर ती अर्धीच होईल. मिकलीन पितो, पैजा लावून घेतो, बोलता बोलता विषय सोडून भलतीकडे जातो. साच्याची सगळी लक्षणे त्याच्यात आहेत. तथापि त्याचे बोलणे हा निव्वळ स्वभावविशेष नाही, ते त्याचे काम आहे. तो लग्ने जुळवणारा मध्यस्थ आहे. शॉन आणि मेरी केट डॅनहर यांची रीतसर भेट ठरते तेव्हा घोडागाडी हाकणारा तोच, अंतर किती ठेवायचे हे सांगणारा तोच, आणि हुंड्याचा व्यवहार म्हणजे मुलीचा लिलाव नव्हे हे त्या अमेरिकन माणसाला कळावे म्हणून धडपडणाराही तोच. गावाचा अलिखित कायदा त्याच्या जिभेवर वसतो. फिट्झजेरल्ड हे वाक्याच्या मध्ये असे काही थांबतात की, पुढचा शब्द शोधण्याऐवजी ते जणू आजूबाजूचे सगळे गाव ऐकून घेत आहेत असे वाटावे. साचा तोच राहतो, पण त्याच्या आत एक संस्था काम करताना दिसते. फोर्ड हे स्वतः गॉलवेहून अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांचे पुत्र. त्यांच्या आयर्लंडमधला पुष्कळसा भाग स्थलांतरिताच्या आठवणीने रंगवलेला आहे हे उघड आहे. मात्र आठवणीतही माणसे कशासाठी बोलतात याचे भान या दिग्दर्शकाने सोडलेले नाही.

या बोलक्या चित्रपटातील सर्वांत मोलाचे दोन क्षण मात्र प्रेक्षकाला न कळणाऱ्या बोलण्याचे आहेत. पहिला नदीकाठचा. हुंडा मिळाल्याशिवाय मेरी केट नवऱ्याला जवळ येऊ देत नाही, आणि ही गोष्ट तिला पाद्र्यापुढे कबूल करायची आहे. फादर लोनर्गन गळ टाकून मासा धरण्यात गुंतलेले. ती विचारते, आयरिशमधून सांगू का? आणि ती सांगू लागते. इतका वेळ आयरिश वळणाच्या इंग्रजीने रंजन करणारा चित्रपट येथे एकाएकी आपले दार लावून घेतो. भाषांतर नाही, खुलासा नाही. मग झोपायच्या पिशवीचा आयरिश शब्द येतो, पाद्र्याला तो उमगत नाही, आणि तिला तेवढा एकच शब्द इंग्रजीत उच्चारावा लागतो. त्यावर प्रेक्षक हसतात. पण त्या हसण्याआधीच्या काही सेकंदांत मॉरीन ओहारा यांच्या चेहऱ्यावर जी ओशाळलेली आणि तरीही सुटकेची छटा उमटते, ती त्यांच्या कोणत्याही इंग्रजी संवादात उमटलेली नाही. जे कोणाला सांगता येत नाही ते सांगण्यासाठी तिच्याजवळ एक भाषा शिल्लक आहे, आणि तीही आता अपुरी पडू लागली आहे, या दोन्ही गोष्टी एका विनोदात सामावल्या आहेत. दुसरा क्षण अखेरचा: मेरी केट नवऱ्याच्या कानात काही कुजबुजते, तो चकित होऊन तिच्याकडे पाहतो, आणि दोघे घराकडे पळत सुटतात. ते शब्द फोर्ड यांनीच ओहारांना सांगितले होते. ते उघड न करण्याचे वचन २०१५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी पाळले.

चित्रमालिकांच्या इतिहासाच्या आरंभीही एक आयरिश आवाज आहे. फक्त तो कंठातून येत नाही. रिचर्ड आउटकॉल्ट यांनी १८९५च्या सुमारास न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत रंगवलेला ‘यलो किड’ म्हणजे मिकी डूगन, गरीब वस्तीतला टकला आयरिश पोर. त्याचे बोलणे त्याच्या पिवळ्या झग्यावर लिहिलेले असे. २५ ऑक्टोबर १८९६च्या एका प्रसिद्ध चित्रात तो नवा फोनोग्राफ घेऊन येतो, यंत्रातून निघणारा आवाज संवादाच्या फुग्यांत उमटतो, आणि शेवटी त्या पेटीतून एक पोपट बाहेर पडतो. संवादाच्या फुग्याच्या इतिहासात या चित्राला मोठे स्थान दिले जाते. आयरिश पात्राच्या इतिहासातही ते द्यावयास हवे. स्वतःचे शब्द कपड्यासारखे अंगावर वागवणारा मुलगा आणि यंत्राच्या नावाने दुसऱ्याचे शब्द बोलणारा पोपट यांहून अधिक बोलकी जोडी या साच्याला सापडणे कठीण. जॉर्ज मॅकमॅनस यांच्या १९१३ साली सुरू झालेल्या ‘ब्रिंगिंग अप फादर’मधला जिग्ज हा या मिकीचा जणू प्रौढ अवतार: एकाएकी श्रीमंत झालेला गवंडी, ज्याला बायकोच्या दिवाणखान्यापेक्षा जुन्या सोबत्यांचा अड्डा आणि कोबी-मांसाचे ताट प्रिय. मॅकमॅनस आयरिश कुटुंबातले होते. जिग्जला हसताना तेही त्याच अड्ड्यावर बसलेले आहेत असे वाटत राहते.

१९६७ साली ‘एक्स-मेन’च्या २८व्या अंकात आलेला बॅन्शी याच्याकडे समीक्षकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. मराठी वाचक ‘बॅन्शी’साठी ‘हडळ’ हा शब्द सुचवील, पण तो फसवा आहे. आयरिश लोकसमजुतीतील बॅन्शी कोणाला झपाटत नाही, कोणाला मारत नाही. घराण्यातील कोणाचा मृत्यू जवळ आला की ती आक्रोश करते, एवढेच. शब्दाचा अर्थच मुळी अद्भुत टेकडीवरची स्त्री असा आहे. रॉय टॉमस आणि वर्नर रॉथ यांच्या चित्रकथेत मात्र ती शॉन कॅसिडी नावाचा पुरुष झाली आणि शोक हे शस्त्र झाले. त्याच्या किंकाळीने भिंती कोसळतात, तिच्याच बळावर तो उडतो. पुढे त्याच्या आयर्लंडमधल्या वाड्यात चक्क लेप्रकॉनही निघाले, हे लेखकाने टाळले असते तर बरे झाले असते. पण १९७९ साली क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांनी या पात्राला जे दिले ते सगळ्या किंकाळ्यांहून मोठे आहे. जपानला भूकंपापासून वाचवताना शॉनचा कंठ निकामी होतो. ज्याची ओळखच आवाज होती असा हा माणूस त्यानंतर संघाच्या बाजूला उभा राहतो, आणि तेव्हाच तो प्रथम माणूस वाटू लागतो.

डिस्नेच्या १९५९ सालच्या ‘डार्बी ओगिल’वर रेंगाळण्याचे कारण नाही, अल्बर्ट शार्प यांचा गोष्टीवेल्हाळ म्हातारा सोडला तर तेथे पर्यटनाच्या जाहिरातीहून वेगळे फारसे नाही. आयरिश ॲनिमेशनचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो किलकेनी येथे १९९९ साली स्थापन झालेल्या कार्टून सलूनच्या चित्रपटांत. टॉम मूर यांच्या ‘साँग ऑफ द सी’मधली (२०१४) सिअर्शा सहा वर्षांची झाली तरी बोलत नाही. तिच्या नावाचा अर्थ स्वातंत्र्य. तिची आई समुद्रातली सीलकन्या, तिच्या जन्माच्या रात्रीच नाहीशी झालेली. बाप दीपस्तंभावर दुःखात गोठलेला. आणि भाऊ बेन आईच्या जाण्याचा दोष मुक्या बहिणीवर टाकणारा. याच चित्रपटात एक म्हातारा कथेकरी आहे, ज्याच्या दाढीच्या प्रत्येक केसात एक गोष्ट आहे. तो सगळे जपतो, पण त्याला स्वतःला काही धड आठवत नाही. वाचाळ पुरुष आणि मुकी मुलगी येथे एकाच गुहेच्या कथेत आले आहेत, आणि सुटका मुलीच्या गाण्याने होते, म्हाताऱ्याच्या गोष्टींनी नव्हे.

येथे एक शंका मनात येते. मुकी, समुद्रातून आलेली, निरागस मुलगी हाही एक नवा साचा तर नव्हे? जुन्या साच्याने आयरिश माणसाला बडबड्या केले, नवा त्याला गूढ करतो. दोन्हींत त्याच्याशी साधे बोलता येत नाहीच. ‘साँग ऑफ द सी’च्या मोहक जलरंगांत हा धोका पूर्णपणे टळला आहे असे म्हणवत नाही. मूर यांनाही तो जाणवला असावा, असे ‘वुल्फवॉकर्स’वरून (२०२०) वाटते. १६५०च्या किलकेनीतील त्यातली मेव्ह गुरगुरते, ओरडते, चावते. तिच्या आडनावातच ‘लांडगा’ या अर्थाचा जो आयरिश शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘भूमीचा पुत्र’ असा होतो. गप्प बसवली जाते ती तिची इंग्लिश मैत्रीण.

शांततेचा दुसरा, अधिक क्रूर उपयोग मार्टिन मॅकडोना यांच्या ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’मध्ये (२०२२) आहे. १९२३ साली, समोरच्या किनाऱ्यावर यादवी युद्ध चालू असताना, बेटावरचा कोलम एके दिवशी पॉड्रिकशी बोलणे बंद करतो, कारण त्याच्या कंटाळवाण्या गप्पांत उरलेले आयुष्य घालवायचे नाही. कॉलिन फॅरेल यांचा पॉड्रिक हा मिकलीन फ्लिनच्या कुळातला, फक्त ऐकणारा हरवलेला. कौतुक करतानाही एक गोष्ट खटकते. पॉड्रिकचे आडनाव आयरिश लिपिसंकेतांनुसार लिहिलेले आहे, पण बेटावर आयरिश बोलली जात असल्याची जाणीव होत नाही. गॉलवेच्या किनाऱ्याजवळील ॲरन बेटांवर त्या काळी तीच घरादाराची भाषा होती. २०२२च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश बोलता येत असल्याचे सांगितले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार. ज्या देशात येणाऱ्या भाषेत न बोलणे हाच नित्यक्रम झाला आहे तेथे एका मित्राने धरलेल्या अबोल्याला आणखी किती खोली देता आली असती!

म्हणूनच कॉइत. १९८१च्या उन्हाळ्यात गर्दीच्या, गरीब घरातून तिला आईच्या नातलगांकडे, एव्लीन आणि शॉन या अपत्यहीन दांपत्याकडे, ठेवून घेतले जाते. तिला पोहोचवणारा बाप इंग्रजीत बोलतो. नवे घर आयरिश बोलते. बापाच्या घरात तिची शांतता ही लपण्याची जागा आहे. या घरात शॉन काही न बोलता टेबलावर तिच्यासाठी एक बिस्कीट ठेवून निघून जातो, आणि शांतता प्रथमच देण्याघेण्याची वस्तू होते. चित्रपटात एकच व्यक्ती जुन्या साच्याप्रमाणे अखंड बोलते: ती शेजारीण, जी रस्त्याने चालता चालता मुलीला नाना प्रश्न विचारते आणि त्या घरातले मेलेल्या मुलाचे गुपित तिच्यावर फेकून देते. त्या रात्री समुद्रकाठी शॉन कॉइतला सांगतो की काही बोललेच पाहिजे असे नाही. गप्प राहण्याची संधी दवडून पुष्कळांनी पुष्कळ गमावले आहे. मुलगी हे शिकते. विहिरीवर जे घडले त्याबद्दल घरी परतल्यावर आई खोदून विचारते, तेव्हा काहीच घडले नाही असे ती सांगते. मुलगी तीच आणि गप्प राहणेही तेच. पण आता तिच्याजवळ राखण्यासारखे काही आहे.

निरोप घेऊन गाडी निघते आणि ती धावत सुटते, शॉनने तिला टपालपेटीपर्यंत धावायला शिकवले होते तशी. फाटकापाशी ती त्याच्या मिठीत शिरते. त्याच्या खांद्यावरून तिला मागून चालत येणारा जन्मदाता दिसतो, आणि बापाला हाक मारण्याचा आयरिश शब्द ती उच्चारते, सावध करण्यासाठी. मग डोळे मिटते आणि तोच शब्द पुन्हा, शॉनच्या कानाशी, उच्चारते.